संगणकाचे सामाईक ग्रंथालय

(संस्थेच्या किल्लारी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



"आपण मुंबईत मोठ्या संगणकावर काम करता, तेव्हा आमच्या मुलांना समजेल असे काही त्याविषयी सांगा," असे संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला कळविले. मी होकार दिला खरा, पण नंतर विचारात पडले. संगणकाने जग कसे बदलले, यावर भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मुले ती ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. म्हणून मी आज एकच लहान विषय घेणार आहे. रात्री चालणारा एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामची मदत कशी मागतो, ती मदत तो कुठे शोधतो आणि ती सापडली नाही किंवा चुकीची सापडली तर काय होते, एवढेच मी सांगणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण त्याचा पहिला धडा मला मुंबईत नव्हे, इथेच मिळाला. तेव्हा सुरुवात इथूनच करते.

मी याच गावची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना जो भूकंप झाला, त्याविषयी किल्लारीत उभे राहून मी काय सांगावे? इथे बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या मनात ती पहाट आहे. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. मी तेव्हा आठवीत होते. आमची माणसे वाचली. पण अब्बांचे शिलाईचे मशीन आणि कागदपत्रांची लोखंडी पेटी भिंतीखाली गेली. पेटी निघाली तेव्हा आतल्या कागदांचा पावसाने लगदा झाला होता. त्यात भाईजानचा शाळा सोडल्याचा दाखला होता. पुढच्या वर्षी भाईजानला आयटीआयला जायचे होते. दाखला नाही, म्हणजे प्रवेश नाही, असे धरून अम्मी रडत बसली.

अब्बा शिकलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "कागद गेला म्हणून नोंद गेली नाही." भाईजान नानीकडे औशाला शिकलेला होता. अब्बा एसटीने औशाला गेले. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढले. अब्बांना भाईजानने शाळा सोडल्याचे साल ठाऊक होते, त्यामुळे पाने फार उलटावी लागली नाहीत. त्याच नोंदीवरून दुसरी प्रत मिळाली आणि भाईजान आयटीआयला गेला.

त्या दिवसापासून अब्बांनी एक शंभर पानी वही घातली. प्रत्येक मुलाच्या नावे एक पान, आणि त्या पानावर कोणत्या कागदाची मूळ नोंद कोणत्या कचेरीत, कोणत्या साली, कोणत्या क्रमांकावर आहे, ते लिहवून घेतले. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात माझे अक्षर बरे होते. पुढे मुंबईत मोठ्या संगणकावर काम करू लागल्यावर माझ्या लक्षात आले की, मी आठवीत जे लिहीत होते तेच पगारावर लिहीत आहे. वस्तू कुठे आहे आणि ती शोधताना आधी कुठे पाहायचे व नंतर कुठे, हेच ते लिखाण.

आता यंत्राकडे वळू. मी ज्या यंत्रावर काम करते त्याला मेनफ्रेम म्हणतात. तुमच्या घरातला संगणक एका माणसाचा असतो. मेनफ्रेम एकाच वेळी हजारो माणसांची कामे करतो. जगातील अनेक मोठ्या बँका व विमा कंपन्या आपला हिशेब आजही याच यंत्रांवर ठेवतात. आपल्या महाराष्ट्राचा मोठ्या संगणकांशी संबंध जुना आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कामाला लागला. त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला. १९६८ साली मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संगणक-सेवेची कंपनी सुरू झाली. तिकडे अमेरिकेत आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० ही यंत्रमाला जाहीर केली. आजचे मेनफ्रेम हे तिचेच वंशज आहेत आणि त्या काळी लिहिलेले कित्येक प्रोग्राम आजच्या यंत्रावरही चालू शकतात. सन २००० चा प्रश्न उभा राहिला तेव्हा जुन्या कोबॉल भाषेतील प्रोग्राम तपासण्याचे काम मोठ्या प्रमाणात भारतात आले. त्या कामामुळेच मेनफ्रेम शिकण्याची वाट आमच्यासारख्या गावाकडच्या मुला-मुलींपर्यंत पोहोचली.

मेनफ्रेमवरील कामाचे दोन प्रकार असतात. बँकेच्या खिडकीवर उभे राहून तुम्ही पैसे काढता, ते काम तिथल्या तिथे होते. दुसरा प्रकार आपल्या पिठाच्या गिरणीसारखा आहे. आपण सकाळी डबा ठेवतो आणि सांगून येतो की डबा अमक्याचा, धान्य ज्वारी, दळण बारीक. संध्याकाळी दळण तयार असते; मध्ये तिथे उभे राहावे लागत नाही. लाखो खात्यांवर व्याज लावणे, पगारपत्रके काढणे, विम्याच्या नोटिसा छापणे, ही कामे रात्री अशीच गठ्ठ्याने होतात. यालाच बॅच म्हणतात. डब्यावरची चिठ्ठी इथे जेसीएल या नावाच्या भाषेत लिहितात. त्या चिठ्ठीत मुख्यतः तीन तऱ्हेच्या ओळी असतात. काम कोणाचे, हे 'जॉब' सांगते. कोणता प्रोग्राम चालवायचा, हे 'एक्झेक' सांगते. माल कुठून घ्यायचा व कुठे ठेवायचा, हे 'डीडी' सांगते. पूर्वी ही चिठ्ठी ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांवर असे. आज आम्ही ती पडद्यावर लिहितो, पण ओळीची लांबी ८० अक्षरांचीच राहिली आहे.

आता मुख्य मुद्दा. व्याज लावणारा प्रोग्राम सगळे काम एकटा करीत नाही. दोन तारखांमध्ये किती दिवस, रक्कम अक्षरांत कशी लिहावी, खाते-क्रमांक बरोबर आहे काय, असली कामे शेकडो प्रोग्रामांना लागतात. प्रत्येकाने ती नव्याने लिहावीत, हे शहाणपणाचे नाही. म्हणून ती एकदाच नीट लिहून सामाईक ठिकाणी ठेवतात. त्या ठिकाणाला लायब्ररी, म्हणजे ग्रंथालय, असेच नाव आहे. ही युक्ती संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला. तिथे अशी उपयोगी उपकामे कागदी फितींवर छिद्रे पाडून जपून ठेवीत. ज्याला जी हवी तिची नक्कल तो आपल्या फितीत जोडून घेई. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली या पद्धतीवर ग्रंथ लिहिला.

जोडून घेण्याच्या दोन रीती आहेत. त्या समजण्यासाठी शाळेच्या पुस्तकपेढीकडे पाहा. समजा, गणिताचे पुस्तक पेढीत एक आहे. एक विद्यार्थी त्यातील सर्व सूत्रे आपल्या वहीत उतरवून घेतो. आता त्याला पेढीत जाण्याची गरज नाही. कपाट बंद असले तरी त्याचे अडत नाही. पण पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती आली तर त्याच्या वहीतले जुनेच राहते. ज्या पन्नास मुलांनी उतरवून घेतले, त्या पन्नासांनी पुन्हा उतरवून घेतले पाहिजे. दुसरा विद्यार्थी उतरवून घेत नाही. तो फक्त पुस्तकाचे नाव लिहून ठेवतो आणि गरज पडेल तेव्हा पेढीतून मागून घेतो. नवी आवृत्ती आली की त्याला आपोआप नवी मिळते. पण ऐन वेळी पुस्तक जागेवर नसेल, तर त्याचे काम तिथेच थांबते.

पहिल्या रीतीत उपप्रोग्रामची नक्कल मुख्य प्रोग्राममध्ये कायमची बांधली जाते. दुसऱ्या रीतीत तो प्रोग्राम चालू असताना नावाने शोधून आणला जातो. कोबॉलमध्ये 'कॉल' या एकाच शब्दाने दोन्ही होतात. कॉलपुढे नाव थेट अवतरणचिन्हांत लिहिले आणि डायनॅम हा पर्याय दिला नाही, तर नक्कल बांधली जाते. नाव एखाद्या चलात ठेवून कॉल केला, तर ते चालताना शोधले जाते. ओळ जवळजवळ सारखीच दिसते, पण परिणामात मोठा फरक पडतो.

आता यंत्र शोधते कसे, ते पाहा. चिठ्ठीत 'स्टेपलिब' नावाची डीडी ओळ असेल, तर त्या पायरीसाठी यंत्र प्रथम तिथे सांगितलेल्या ग्रंथालयांत पाहते. स्टेपलिब नसेल आणि साऱ्या कामासाठी 'जॉबलिब' दिलेली असेल, तर तिथे पाहते. दोन्ही दिल्या असतील, तर त्या पायरीत स्टेपलिबच चालते, जॉबलिबकडे यंत्र ढुंकूनही पाहत नाही. नवे लोक इथे हमखास फसतात. तिथे काही मिळाले नाही तर यंत्र 'एलपीए' या स्मृतीतल्या सामाईक भागात पाहते आणि शेवटी 'लिंकलिस्ट' या साऱ्या यंत्राच्या मोठ्या ग्रंथालयांत. म्हणजे आधी घरातले कपाट, मग मोहल्ल्याचे वाचनालय, मग शहराचे. स्टेपलिबखाली अनेक ग्रंथालये ओळीने लावता येतात, आणि नियम एकच असतो : जिथे प्रथम सापडेल ते घ्यायचे व पुढे पाहायचे नाही.

कुठेच सापडले नाही, तर काम मोडते आणि ८०६ हा आकडा पडद्यावर येतो. मेनफ्रेमवर काम करणाऱ्याला अर्ध्या रात्री फोनवर 'आठशे सहा' एवढा शब्द कानी आला की उरलेले सांगावे लागत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मला असा फोन आला. मी घाबरून तो प्रोग्राम पुन्हा वाचायला बसले. त्यात दोष सापडेना. एका ज्येष्ठ सहकारीण बाईंनी हसून विचारले, "बेटा, पुस्तक नाही म्हणून कपाटाने सांगितले, तर तू पुस्तकातली वाक्ये का तपासतेस? चिठ्ठी बघ." चिठ्ठीत स्टेपलिबच्या यादीतले एक ग्रंथालय लिहायचे राहून गेले होते. एक ओळ घातली आणि काम पुढे चालू झाले.

पालकांनो, यात आपल्यासाठी एक गोष्ट आहे. आपली मुले अडतात तेव्हा "याला येतच नाही" असे आपण चटकन म्हणतो. पुष्कळदा येत नसते असे नाही. कुठे पाहायचे, कोणाला विचारायचे, अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा, शिष्यवृत्तीची माहिती कोणाकडे असते, हेच सांगितलेले नसते. बुद्धी असते, पण पत्ता माहीत नसतो. आणि पत्ता न सांगण्याचा दोष मुलाचा नव्हे, आपला आहे.

पण ८०६ हा प्रामाणिक दोष आहे. तो ओरडून सांगतो. याहून वाईट दोष मुका असतो. त्याची हकीकत सांगते, कारण ती चूक माझी होती.

काही वर्षांनी मी एका वित्तसंस्थेच्या कामावर होते. व्याज काढणारा उपप्रोग्राम बदलायचा होता. मी नवा प्रोग्राम लिहिला, चाचणी घेतली. चाचणीसाठी एक वेगळे ग्रंथालय स्टेपलिबमध्ये सर्वांत वर लावले होते. काम झाले, नवा प्रोग्राम योग्य मार्गाने मोठ्या ग्रंथालयात गेला, सर्वांनी शाबासकी दिली. पण एका चिठ्ठीतून ते चाचणीचे ग्रंथालय काढायचे मी विसरले, आणि त्यात पहिल्या कच्च्या मसुद्याची प्रत पडून होती. रोज रात्री काम सुरू होई, यंत्र पहिल्या कपाटात पाही, तिथे त्या नावाचा प्रोग्राम सापडे आणि ते तोच घेई. नवा प्रोग्राम दोन कपाटे पलीकडे वाट पाहत बसलेला. ८०६ नाही, ओरड नाही, काम वेळेवर पुरे. फक्त काही खात्यांचे व्याज चुकत होते.

महिन्याच्या ताळेबंदाच्या वेळी बेरजा जुळेनात. तीन दिवस सारे शोधत होते. चौथ्या दिवशी मी चिठ्ठीतील ओळी एकेक करून वाचल्या आणि माझ्या हातापायांतले बळच गेले. गप्प बसून ती ओळ काढून टाकता आली असती. पण ज्यांची खाती होती त्यांत निवृत्त माणसे होती. महिन्याच्या व्याजावर औषधे घेणारी होती. मी वरिष्ठांकडे जाऊन सांगितले. पत्रके अजून डाकेत पडली नव्हती. ती थांबविली, हिशेब पुन्हा केला. मला बोलणी खावी लागली आणि ती योग्यच होती. तेव्हापासून मी कोणतेही उत्तर बरोबर आहे काय, एवढेच विचारीत नाही. ते कोठून आले, हेही विचारते.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्या कामाचे आहे. मोबाइलवर एखादी गोष्ट पहिली दिसली म्हणून ती खरी ठरत नाही. ती फक्त पहिल्या कपाटात सापडलेली असते. गाइडमधले उत्तर जुन्या अभ्यासक्रमाचे असू शकते, मित्राच्या वहीतले सूत्र उतरवताना चुकलेले असू शकते. पुढच्या कपाटापर्यंत जाण्याचा कंटाळा करू नका.

आता या विषयातले थोडे पुढचे सांगते. वरच्या वर्गातील मुलांनी लक्ष द्यावे. आजकाल सामाईक ग्रंथालयाचा एक नवा प्रकार वापरतात, त्याला डीएलएल म्हणतात. जुन्या रीतीत एका नावाखाली साधारणपणे एक काम असे. डीएलएलच्या एका पेटीत अनेक कामे असतात, आणि त्यांतील कोणती बाहेरच्यांना वापरता येतील, हे पेटी बांधणारा ठरवितो. बांधताना यंत्र एक लहान सूची तयार करते. तिला साइड डेक म्हणतात. ज्याला ती पेटी वापरायची असेल, तो आपला प्रोग्राम बांधताना ही सूची सोबत देतो. त्यामुळे कोणते काम कोणत्या पेटीत मिळेल, हे आधीच नोंदले जाते. पेटी मात्र प्रोग्राम चालताना, पहिल्यांदा गरज पडेल तेव्हाच उघडली जाते. म्हणजे सूची हातात आहे म्हणून पेटी जागेवर आहे, असे नव्हे. बांधणी बिनचूक होऊनही रात्री काम मोडू शकते, ते यामुळेच.

यात आणखी एक गुंता आहे. मेनफ्रेमला आता दोन इमारती आहेत. जुन्या इमारतीत ग्रंथालये डेटासेटच्या रूपात असतात आणि तिथल्या प्रोग्रामचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे नसते. नव्या इमारतीत युनिक्सच्या रीतीने फोल्डरमध्ये फोल्डर असतात आणि लांब नावे चालतात. बॅच प्रोग्राम कोणत्या इमारतीत आधी जाईल, हे पॉझिक्स नावाच्या एका खुंटीवर ठरते. खुंटी बंद असेल तर आधी जुनी इमारत. चालू असेल तर आधी नवी. नव्या इमारतीत कोणत्या फोल्डरांत पाहायचे, त्यांची यादी लिबपाथ या नावाने द्यावी लागते. नावाच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या तर तो जुन्या इमारतीतच पाहतो; नावात एकेरी तिरपी रेघ असेल तर नव्या. दिवसा स्वतःच्या खिडकीतून चालविलेला प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि तोच रात्री बॅचमध्ये "मॉड्यूल सापडले नाही" म्हणून मोडतो, असे पुष्कळदा होते. प्रोग्राम तोच असतो. पण दिवसा तुमच्या नावावर असलेली लिबपाथची यादी रात्रीच्या चिठ्ठीबरोबर गेलेली नसते. तुम्हाला पत्ता माहीत आहे म्हणून तुमच्या चिठ्ठीलाही तो माहीत आहे, असे धरून चालू नका. चिठ्ठीत लिहा.

ग्रंथालय सांभाळणाऱ्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण संस्थेचे पदाधिकारी समोर आहेत. लिंकलिस्टमधील ग्रंथालयांची एक अनुक्रमणिका यंत्र झटपट शोधासाठी स्मृतीत धरून ठेवते, वाचनालयातल्या कार्डांसारखी. ग्रंथालयात नवा प्रोग्राम ठेवला, पण ती अनुक्रमणिका ताजी करण्याची आज्ञा दिली नाही, तर यंत्र जुन्याच जागेकडे बोट दाखवीत राहते. पुस्तक आले, कार्ड बदलले नाही, असा हा प्रकार. दुसरे असे की, सामाईक प्रोग्राम बदलणाऱ्याला मनमानी करता येत नाही. समजा, आजवर तो दोन गोष्टी विचारीत होता, रक्कम आणि दिवस. उद्या त्याने तिसरी विचारायला सुरुवात केली, तर त्याला दोनच गोष्टी देणारे शेकडो प्रोग्राम त्याच रात्री मोडतील, किंवा न मोडता चुकीचे आकडे देतील. त्यांपैकी कित्येक वीस वर्षांपूर्वी लिहिलेले, लिहिणारे निवृत्त झालेले. म्हणून जाणते लोक जुन्याला हात न लावता तिसरी गोष्ट विचारणारा प्रोग्राम नव्या नावाने शेजारी ठेवतात आणि जुने मागणाऱ्यांना जुने देत राहतात. सामाईक वस्तू ही अमानत आहे. तिच्यात फरक करण्यापूर्वी, ती आज रात्री कोणाकोणाला लागणार आहे, याचा विचार करावा लागतो.

"हे सारे मुंबईचे. किल्लारीत बसून आम्ही काय करणार?" असे कुणाच्या मनात आले असेल. याचे उत्तर देऊनच मी थांबते. हे शिकायला मोठे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. शाळेतल्या साध्या संगणकावर ग्नूकोबॉल हे विनामूल्य साधन चालते. त्यात व्याज काढणारा एक छोटा उपप्रोग्राम लिहा. त्याची एक प्रत ५ टक्के दराची करा, दुसरी ६ टक्क्यांची. नाव मात्र दोन्हींचे एकच ठेवा. दोन प्रती दोन फोल्डरांत ठेवा, मुख्य प्रोग्राम तिसऱ्या फोल्डरमध्ये. कॉब लायब्ररी पाथ या नावाने दोन फोल्डरांची यादी द्या आणि १००० रुपयांवरचे वर्षाचे व्याज विचारा. आता यादीतला क्रम उलटा करा आणि पुन्हा विचारा. एकदा ५० येतील, एकदा ६०. मुख्य प्रोग्रामचे एक अक्षरही बदललेले नसेल. माझ्या चुकीची सारी हकीकत एका तासात तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहील. पुढे गोडी वाटली, तर आयबीएम झेड एक्सप्लोर या नावाचा विनामूल्य अभ्यासक्रम आहे; त्यात खऱ्या मेनफ्रेमवर जेसीएल लिहायला मिळते. त्यासाठी इंटरनेट आणि चिकाटी एवढे पुरे.

आणि हे मुलींनाही सांगते; त्यांच्या आई-वडिलांना विशेष सांगते. या कामाला अंगातली ताकद लागत नाही. नीट वाचणे, नीट लिहिणे, आणि चूक झाली तर ती लपवून न ठेवणे, एवढे लागते. माझे अक्षर बरे आहे म्हणून अब्बांनी वही माझ्या हाती दिली. माझ्या शिक्षणाची खरी सुरुवात मी तिथूनच धरते.

अब्बा आता नाहीत. वही आहे. परवा भाईजानच्या नातवाला शाळेत घालताना तिच्यात नवे पान घातले. त्यावर जन्माची नोंद कोणत्या कचेरीत आहे, कोणत्या साली झाली आणि तिचा क्रमांक काय, ते लिहिले. आज घरी गेल्यावर आपणही एक वही घ्यावी, प्रत्येक मुलाचे एक पान घालावे आणि लिहिण्याचे काम घरातल्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. कागद जातात. नोंद कुठे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला ते पुन्हा मिळतात.